वरकडाचे गणित : फँटसी बेसबॉलच्या पहिल्या ड्राफ्टला बसण्यापूर्वी

फँटसी बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ, आणि ड्राफ्ट म्हणजे ते खेळाडू आळीपाळीने निवडण्याची बैठक. अशा ड्राफ्टला पहिल्यांदाच बसणारा माणूस बहुधा गेल्या मोसमाची आकडेवारी उघडतो, होमरनच्या (क्रिकेटच्या षटकारासारख्या, थेट मैदानाबाहेर जाणाऱ्या फटक्यांच्या) रकान्यानुसार खेळाडूंची उतरती यादी लावतो आणि आपली पाळी आली की त्या यादीतले वरून पहिले मोकळे नाव उचलतो. ही पद्धत वरकरणी बिनचूक वाटते, परंतु तिच्यात दोन स्वतंत्र चुका दडलेल्या आहेत. खेळाडू एकूण किती देतो हे ती मोजते, मात्र तो नसता तर आपले किती अडले असते हे मोजत नाही. शिवाय गेल्या वर्षीचा आकडा म्हणजेच खेळाडूचा अंगचा गुण, असे ती गृहीत धरते. या दोन्ही चुकांची उत्तरे संख्याशास्त्राने आणि अर्थशास्त्राने फार पूर्वी शोधलेली आहेत, आणि ती समजून घ्यायला बेसबॉलचा जन्मभराचा व्यासंग लागत नाही.

आधी खेळाची मांडणी पाहू. १९८० च्या मोसमाच्या तोंडावर लेखक-संपादक डॅनियल ओक्रेंट यांनी न्यूयॉर्कमध्ये मित्रांना जमवून हा खेळ सुरू केला. ही मंडळी मॅनहॅटनमधल्या ‘ला रोटिसरी फ्रांसेज’ या उपाहारगृहात भेटत, म्हणून त्याला ‘रोटिसरी’ हे नाव पडले. त्याचे मूळ याहूनही मागे जाते. समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅम्सन यांनी १९६० मध्ये सहकाऱ्यांसोबत असाच एक खेळ मांडला होता, आणि ओक्रेंट यांना त्याची माहिती मिशिगन विद्यापीठातले त्यांचे प्राध्यापक रॉबर्ट स्कलार यांच्याकडून मिळाली. रूढ नियमांनुसार प्रत्येक मालक १४ फलंदाज आणि ९ पिचर (चेंडू टाकणारे) असे २३ खरे खेळाडू निवडतो आणि मोसमभर त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीची बेरीज होत राहते. फलंदाजीसाठी धावा, होमरन, धावा मिळवून देणारे फटके, चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले पुढचे थांबे) आणि सरासरी असे पाच गट असतात, तर पिचिंगसाठी विजय, सेव्ह (थोडक्या आघाडीचा सामना शेवटपर्यंत राखणे), स्ट्राइकआउट (फलंदाजाला चेंडू मैदानात टोलवू न देता बाद करणे), दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा आणि दर डावामागे बेसवर जाऊ दिलेले फलंदाज असे पाच. बारा संघांच्या लीगमध्ये प्रत्येक गटात पहिल्याला १२ गुण, दुसऱ्याला ११, आणि असे करत शेवटच्याला १ गुण मिळतो.

भारतात फँटसी क्रिकेट खेळलेल्या वाचकांनी इथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. तिथे एकच खेळाडू लाखो लोकांच्या संघात एकाच वेळी असू शकतो. इथे एकदा कोणी त्याला निवडले की तो त्या लीगमधल्या बाकी सर्वांसाठी मोसमभर संपला. त्यामुळे हा मुळात टंचाईचा खेळ आहे, आणि टंचाई आली की किंमत एकूण मालावरून न ठरता वरकडावरून, म्हणजे फुकट मिळणाऱ्या खेळाडूपेक्षा तो जितके जास्त देतो त्यावरून, ठरते.

हा वरकड कसा मोजायचा, हे कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसणाऱ्या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूच्या, उदाहरणावरून चांगले कळते. मेजर लीगमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत) ३० संघ आहेत, म्हणजे मुख्य कॅचरही सुमारे ३० च. रूढ नियमांत प्रत्येक फँटसी संघाला दोन कॅचर लागत असल्यामुळे बारा संघ मिळून २४ कॅचर घेऊन जातात. त्यातच कॅचरला डावभर उकिडवे बसून चेंडू अडवावे लागतात, गुडघ्यांवर आणि हातांवर सतत ताण येतो, म्हणून त्याला १६२ सामन्यांच्या मोसमात वरचेवर विश्रांती द्यावी लागते आणि त्याच्या वाट्याला फलंदाजीही कमी येते. बाहेरच्या मैदानात मात्र प्रत्येक संघाचे तीन, असे एकूण ९० नियमित क्षेत्ररक्षक (आउटफिल्डर) असतात आणि ड्राफ्टमध्ये त्यांपैकी सुमारे ६० उचलले जातात. आता समजण्यापुरते कल्पित आकडे घेऊ. एक चांगला कॅचर २४ होमरन मारेल आणि कोणीच न निवडलेला, फुकट मिळणारा पंचविसावा कॅचर ९ मारेल, तर पहिल्याचा वरकड १५ झाला. एक आउटफिल्डर ३२ होमरन मारेल, पण एकसष्टावा आउटफिल्डरही २० मारत असेल, तर त्याचा वरकड १२ च राहिला. म्हणजे ३२ पेक्षा २४ चे मोल अधिक ठरले. जिथे एकच कॅचर लागतो अशा लीगमध्ये तुलना तेराव्या कॅचरशी होते आणि हेच उत्तर बदलू शकते. म्हणूनच आपल्या लीगचे नियम वाचण्यापूर्वी दुसऱ्या कोणाची तयार यादी हाती घेणे मला धोक्याचे वाटते. ती यादी कोणत्या नियमांसाठी केली आहे, हे नवख्याला कळायला मार्ग नसतो.

वेगवेगळ्या गटांची तुलना करण्यासाठी आणखी एक पायरी चढावी लागते, कारण होमरन आणि चोरलेले बेस ही दोन वेगळी नाणी आहेत. दोन्हींना समान माप लावायचे तर ‘एक क्रमांक वर सरकायला किती लागतात’ हे विचारावे. समजा, आपल्या लीगमध्ये लगतच्या दोन संघांत सरासरी आठ होमरनचे अंतर राहते, तर १५ होमरनचा वरकड म्हणजे जवळजवळ दोन गुण. हे माप नियमांसोबत बदलते, आणि २०२३ मध्ये ते एका हंगामात बदललेले सर्वांनी पाहिले. मेजर लीगने त्या वर्षी बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच केली, चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावले आणि धावकाला बेसवर रोखण्यासाठी पिचरने करायच्या फेकींवर मर्यादा घातली. २०२२ मध्ये २,४८६ बेस चोरले गेले होते, तर २०२३ मध्ये ३,५०३. पुरवठा चाळीस टक्क्यांनी वाढल्यावर वीस बेस चोरणाऱ्याचे पूर्वीचे अप्रूप उरले नाही. त्याच मोसमात रोनाल्ड अकुन्या ज्युनियर याने ४१ होमरन मारून ७३ बेस चोरले, आणि ७३ हा आकडा मात्र महागाई-स्वस्ताईच्या पलीकडचा होता.

सरासरीच्या गटात नवख्यांची हमखास गल्लत होते. बेसबॉलमधील सरासरी म्हणजे फलंदाजीच्या संधींपैकी किती संधींत हिट (फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका) मिळाला याचे प्रमाण, आणि प्रमाणांची नुसती बेरीज करता येत नाही. आपल्या १४ फलंदाजांना मिळून ७,००० संधी मिळाल्या आणि संघाची सरासरी ०.२६० असेल, तर हिट झाले १,८२०. त्यातला ५०० संधींचा ०.२६० चा फलंदाज काढून तिथे तितक्याच संधींचा ०.३०० चा फलंदाज आणला, तर २० हिट वाढतात आणि संघाची सरासरी ०.२६३ च्या जवळ जाते. तोच ०.३०० चा फलंदाज फक्त ३०० संधी मिळवणारा असेल, तर १२ च हिट वाढतात. सरासरीच्या आकड्याइतकेच त्याच्या मागचे संधींचे वजन पाहावे लागते ते यासाठी.

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. माझ्या मते नवख्याने सर्वांत आधी शिकण्याची गोष्ट हीच आहे. एखादा फलंदाज मुळात ०.२७० च्या योग्यतेचा आहे आणि त्याला ५५० संधी मिळाल्या, असे धरा. केवळ योगायोगाने, त्याच्या कौशल्यात काडीचाही फरक न पडता, साधारण तीनपैकी दोन मोसमांत त्याचा आकडा ०.२५१ ते ०.२८९ या पट्ट्यात पडेल आणि उरलेल्या एका मोसमात त्याच्याही बाहेर जाईल. गेल्या वर्षीच्या यादीच्या शेंड्यावर जे बसलेले असतात, त्यांच्यात गुणवान असतात तसेच त्या वर्षी नशिबाने हात दिलेलेही असतात. पुढच्या वर्षी गुण टिकतो, नशीब टिकेलच असे नाही, म्हणून शेंड्यावरचे आकडे एकूण पाहता खाली येतात. फ्रान्सिस गॅल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात पालकांच्या आणि मुलांच्या उंचीत हाच प्रकार पाहिला आणि त्याला सरासरीकडे परतणे म्हटले.

ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हे बेसबॉलवरच करून दाखवले. त्यांनी १९७० च्या मोसमातील १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ संधी घेतल्या आणि उरलेल्या मोसमाचा अंदाज त्यांवरून बांधता येतो का ते पाहिले. रॉबर्टो क्लेमेंटे ०.४०० वर होता, थर्मन मन्सन ०.१७८ वर, आणि अठराही जणांची मिळून सरासरी होती ०.२६५. चार्ल्स स्टाइन यांच्या सिद्धांतावर उभी असलेली रीत असे सांगते की, प्रत्येकाचा आकडा गटाच्या सरासरीकडे ओढा आणि अंतराचा साधारण पाचवा हिस्साच शिल्लक ठेवा. त्यामुळे क्लेमेंटेचा अंदाज ०.२९४ च्या आसपास येतो आणि मन्सनचा ०.२४७ च्या. उरलेल्या मोसमात क्लेमेंटेने ०.३४६ आणि मन्सनने ०.३१६ ची सरासरी राखली. क्लेमेंटेच्या बाबतीत ओढ जास्तच झाली, कारण तो खरोखरच असामान्य फलंदाज होता. तरीही अठरा जणांच्या चुकांचे वर्ग करून बेरीज केली, तेव्हा ओढलेल्या अंदाजांची चूक कच्च्या आकड्यांच्या चुकीपेक्षा साडेतीन पटींनी कमी भरली. एका खेळाडूपुरते पाहिले तर ही रीत फसू शकते, पण समूहासाठी ती जिंकते, आणि ड्राफ्टला बसलेल्या माणसाला तर २३ जणांचा समूहच विकत घ्यायचा असतो. पूर्ण मोसमाच्या आकड्यांना अर्थातच इतके ओढावे लागत नाही, कारण संधी जितक्या अधिक तितका योगायोगाचा वाटा कमी.

अंदाजांच्या ज्या पद्धती आज प्रचलित आहेत, त्यांतली टॉम टँगो यांची ‘मार्सेल’ सर्वांत सोपी आहे. ती गेल्या तीन मोसमांना अनुक्रमे ५, ४ आणि ३ असे वजन देते, त्यात लीगची सरासरी मिसळते आणि वयानुसार थोडी दुरुस्ती करते. नवख्याला कागद-पेन्सिलने एवढे करता आले, तरी होमरनच्या उतरत्या यादीपेक्षा तो कितीतरी पुढे असेल.

पिचरच्या बाबतीत योगायोगाचा पडदा अधिक जाड असतो. न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डीग्रॉम २०१८ मध्ये दर नऊ डावांमागे अवघ्या १.७० धावा देत होता. त्याला लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, आणि त्याच्या नावावर विजय किती, तर १०. पराभवही ९. त्याच्या संघाने त्याच्यासाठी धावा केल्या नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन यांनी याहून धक्कादायक गोष्ट मांडली. होमरन वगळता मैदानात टोलवलेल्या चेंडूंपैकी सुमारे ३० टक्के चेंडूंचे हिट होतात आणि या प्रमाणावर पिचरचे नियंत्रण लोक समजतात त्यापेक्षा फारच थोडे असते. नंतरच्या अभ्यासांनी हे विधान थोडे सौम्य केले, पण त्याचा गाभा टिकून आहे. त्यामुळे पिचर निवडताना गेल्या वर्षीचे विजय आणि दिलेल्या धावा बाजूला ठेवून स्ट्राइकआउट किती आणि चुकीचे चेंडू टाकून फुकट दिलेले बेस किती, हे आधी पाहावे. ज्याचे हे दोन आकडे चांगले आहेत, पण धावा मात्र जास्त गेल्या, असा पिचर स्वस्तात मिळतो.

हे सारे हातात घेऊन प्रत्यक्ष ड्राफ्टकडे येऊ. बहुतेक लीगमध्ये निवड नागमोडी चालते, म्हणजे पहिल्या फेरीत १ ते १२ आणि दुसऱ्या फेरीत १२ ते १. पाचव्या जागेवर बसलेल्याला ५, २०, २९ आणि ४४ या क्रमांकांच्या निवडी मिळतात. विसाव्या निवडीला ‘सर्वांत चांगला कोण उरला आहे’ एवढेच विचारून भागत नाही. ‘एकोणतिसाव्यापर्यंत कोण उरणार नाही’ हेही विचारावे लागते. समजा, शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या) जागेवर जवळपास सारख्या वकुबाचे पाच जण उरले आहेत आणि दुसऱ्या बेसवर एकच चांगला, त्याच्यानंतरचे सगळे बरेच खालचे. अशा वेळी शॉर्टस्टॉप किंचित सरस असला तरी दुसऱ्या बेसवाला घ्यावा, कारण मधल्या आठ निवडींत पाचही शॉर्टस्टॉप जाण्याचा संभव कमी असतो. लोक कोणाला सरासरी कितव्या क्रमांकावर निवडतात, याच्या याद्या मार्च महिन्यात सहज मिळतात आणि त्या इथे उपयोगी पडतात.

जिथे ड्राफ्टऐवजी लिलाव असतो, तिथे प्रत्येकाकडे रूढीप्रमाणे २६० काल्पनिक डॉलर असतात आणि वेगळाच सापळा समोर येतो. १९७१ मध्ये केपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल दाखवून दिले की, प्रत्येक कंपनीचा अंदाज थोडा चुकतो आणि ज्याचा अंदाज सर्वांत जास्त फुगलेला तोच बोली जिंकतो, म्हणून विजेता बहुधा जास्त पैसे मोजून बसतो. खेळाडूंच्या लिलावातही बारा जण बारा अंदाज घेऊन बसलेले असतात. आपल्या अंदाजाच्या दोन-तीन डॉलर खालीच हात थांबवण्याचे धैर्य त्यासाठी लागते.

शेवटच्या फेऱ्यांत मात्र धोक्याकडे पाहण्याची दृष्टी उलटी करावी. पहिल्या फेरीतला खेळाडू हातचा गेला, तर त्याचा सगळा वरकड बुडतो. अटलांटा ब्रेव्हजच्या स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट नोंदवले, आणि २०२४ मध्ये कोपराच्या दुखापतीमुळे त्याचा मोसम दोनच सामन्यांत संपला. ज्यांनी त्याच्यावर वरची निवड खर्च केली होती, त्यांना ती भरून काढायला दुसरे साधन नव्हते. पिचरच्या कोपरावर आणि खांद्यावर पडणारा ताण पाहता, पहिली निवड फलंदाजावर करावी हा जुना सल्ला मला आजही योग्य वाटतो. विसाव्या फेरीतल्या खेळाडूचा वरकड मुळातच शून्याच्या आसपास असतो. तो अपयशी ठरला, तर एप्रिलमध्ये त्याला सोडून तितकाच चांगला दुसरा फुकट घेता येतो, आणि यशस्वी ठरला तर मिळणाऱ्या लाभाला वरची मर्यादा नसते. म्हणून तिथे दरवर्षी ठरावीक १५ होमरन मारणारा छत्तिशीतला फलंदाज घेण्याऐवजी, नियमित जागा मिळेल की नाही हे अजून ठरायचे आहे असा तेविशीतला तरुण घ्यावा. रिकामी राहिलेली दुसऱ्या कॅचरची जागाही अशाच एखाद्या तरुण कॅचरला देऊन टाकावी.