पुणे–नागपूर विमानप्रवास : पाऊण तासाचे गणित आणि गाडीची वेळ

"अंतर जेमतेम सहाशे किलोमीटर, मग विमानाला दीड तास कसा लागतो?" हा प्रश्न आमच्याकडे तिकीट काढताना जवळजवळ रोज विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर येथे एकदा सविस्तर देत आहोत.

लोहगाव ते सोनेगाव हे सरळ हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर आहे. रस्त्याने ते सातशेच्या पुढे जाते, तर दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेणाऱ्या रेल्वेने सुमारे ८८० किलोमीटर भरते आणि वंदे भारतलाही त्यासाठी १२ तास लागतात. ताशी ८०० किलोमीटर वेग धरून काढलेला पाऊण तास कागदावर बरोबर असला, तरी हा वेग विमानाला केवळ मधल्या टप्प्यात मिळतो. वर चढण्यात आणि खाली उतरण्यात बराच वेळ जातो. शिवाय तिकिटावरील वेळ विमान पुण्यातील जागेवरून हलल्यापासून नागपुरात जागेवर थांबेपर्यंतची असते आणि लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असल्यामुळे तिथे कधीकधी थांबावे लागते, हेही तिच्यात धरलेले असते. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे त्या दिवसांत परतीच्या उड्डाणाला थोडा अधिक वेळ लागू शकतो.

खरी अडचण पुढे येते. तिकिटावर साडेनऊला उतरण्याची वेळ पाहून ग्राहक आमच्याकडे पावणेदहाची गाडी सांगतात आणि त्याच हिशेबाने ताडोब्याची दुपारची सफारी ठरवून मोकळे होतात. मोहर्लीचे प्रवेशद्वार विमानतळापासून साधारण तीन तासांवर आहे. विमानाला तासाभराचा उशीर झाला आणि सामान यायला आणखी वीस मिनिटे लागली, की जेवण राहते, कधी सफारीही राहते, आणि आमच्या चालकाची पुढची फेरी चुकते ती वेगळीच. म्हणूनच आम्ही उतरण्याची वेळ न विचारता विमानाचा क्रमांक विचारतो. काहींना ही नसती चौकशी वाटते, परंतु क्रमांक हाती असला की उशीर आम्हाला आधीच कळतो, गाडी त्याप्रमाणे निघते आणि अशा उशिरासाठी आम्ही थांबण्याचे पैसे लावत नाही. केवळ वेळ सांगून ठरवलेल्या गाडीला ही सवलत देणे आम्हाला परवडत नाही.

पुण्यातून निघतानाही आम्ही गाडी तीन तास आधी दारात उभी करतो, यावर नेहमी वाद होतो. सामान घेण्याची खिडकी साधारणतः उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते आणि कोथरूडहून संध्याकाळी लोहगावला पोहोचायला दीड तास सहज लागतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नागपुरात हिवाळी अधिवेशन असते त्या डिसेंबरात मात्र गाडी किमान आठ दिवस आधी सांगावी. तिकीट अन्य ठिकाणी काढले असले तरी चालेल. त्याचा फोटो पाठवला की क्रमांक आम्ही त्यावरून टिपून घेतो.