केस काढल्यानंतरचे चोवीस तास

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वस्तरा घेऊन येणारा वॉर्डबॉय ही पूर्वी ठरलेली गोष्ट होती. आता ती पद्धत मागे पडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की शस्त्रक्रियेआधी केस शक्यतो काढूच नयेत; अगदी आडवेच येत असतील तर क्लिपरने कापावेत, पण वस्तरा लावू नये. वस्तरा केसांबरोबर कातडीही ठिकठिकाणी खरवडतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या ओरखड्यांत जिवाणू वाढतात. डॉक्टरांनी इस्पितळात बंद केलेलं हे काम आपण मे महिन्यात घामाने निथळत, न्हाणीघरात कायम ओल्या राहिलेल्या रेझरने करतो आणि वर म्हणतो, माझी त्वचाच मेली नाजूक!

नाजूक ती असतेच. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ असतो. पेशींच्या फटींत मेद भरलेला आणि पृष्ठभागावर किंचित आम्लता, सामू (पीएच) साधारण ५. एवढ्याशा भांडवलावर हा थर अंगातलं पाणी आत आणि जंतू, साबण, चीक बाहेर ठेवतो. एक्झिमा असलेल्यांचा तो मुळातच कमकुवत असतो. केस काढताना या थराचं थोडंफार नुकसान होतंच: वॅक्समध्ये तो पट्टीला चिकटून जातो, रेझरने खरवडला जातो, क्रीमने सैल होतो. त्यातली बरीचशी डागडुजी पहिल्या दिवसात होते, पूर्ण व्हायला दोन-तीन दिवस लागू शकतात. म्हणून माझ्या मते ‘कुठली पद्धत चांगली’ यापेक्षा ‘पुढचे चोवीस तास तुम्ही काय करणार आहात’ हा प्रश्न कोकणात जास्त महत्त्वाचा आहे.

घाटावरच्या कोरड्या हवेत घाम उडून जातो. रत्नागिरी-मालवणात तो अंगावरच राहतो. ओलसर, फुगलेली कातडी काखेत आणि जांघेत एकमेकींवर घासते. केसाच्या मुळाशी स्टॅफिलोकॉकस जिवाणू शिरला, की पुळी येते आणि ती खोल गेली की केसतोड. तेव्हा केस काढायचे तर रात्री, आंघोळीनंतर. सकाळी रेझर फिरवून लगेच घट्ट कपडे घालून एसटीच्या गर्दीत शिरणं म्हणजे पुळ्यांना आमंत्रण.

आणखी एक गोष्ट इथलीच, आणि शहरी सौंदर्यसल्ल्यात ती कुठे दिसत नाही. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. आंब्याच्या देठातून उडणाऱ्या चिकात, काजूच्या टरफलातल्या तेलात आणि बिब्ब्यात एकमेकांशी नातं सांगणारी रसायनं असतात. काजूच्या टरफलातलं कार्डोल तर कातडी भाजूनच काढतं. ओले काजू सोलणाऱ्या बायका हाताला खोबरेल चोळतात ते उगीच नाही. ज्यांना एकदा या चिकाची ॲलर्जी जडली, त्यांना नंतर थोडासा संपर्कही पुरतो, आणि हातापायांचा वरचा थर नुकताच खरवडलेला असेल तर चिकाला आत शिरायला वाटच मिळते. आंबे उतरवायच्या किंवा काजू सोलायच्या आदल्या दिवशी हात-पाय वॅक्स करू नयेत, एवढं पथ्य पुरे.

समुद्राचंही तसंच. ताज्या ओरखड्यांवर खारं पाणी झोंबतं ते सोडा. पण कोमट समुद्रात आणि खाडीत व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात आणि ते जखमेतून आत जाऊ शकतात. असा संसर्ग क्वचित होतो, पण मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना तो फार महागात पडतो.

आता पद्धती. त्वचा खरंच हळवी असेल तर ट्रिमर घ्या. तो केस कातडीच्या किंचित वर कापतो, म्हणून गुळगुळीतपणा येत नाही, पण केस आत वळून रुतण्याचा त्रासही कमी. रेझरच हवा असेल तर आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने केस भिजू द्या. भिजलेला केस मऊ होतो आणि कापायला जोर लागत नाही. रेझर केसांच्या दिशेने आणि हलक्या हाताने फिरवा. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्यात साबणाचा फेस होत नाही आणि चोथा कातडीवर बसतो. अशा वेळी शेव्हिंग जेल बरं. रेझर न्हाणीघरात ठेवू नका, कोरड्या जागी ठेवा.

हेअर रिमूव्हल क्रीममध्ये थायोग्लायकोलेट असतं. केसातल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट धरणारे गंधकाचे बंध ते तोडतं. पण केराटिन त्वचेतही असतं आणि या क्रीमचा सामू १२च्या आसपास, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी, म्हणून पाकिटावरची वेळ घड्याळ लावून पाळावी. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहावं. मुरमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीन लावता तिथे वॅक्स नको. पट्टीबरोबर सालच निघून येते.

नंतर लिंबू चोळण्याचा सल्ला मात्र देणाऱ्यालाच परत करावा. लिंबाचा रस बराच आम्लधर्मी आहे, शिवाय सालीतली काही द्रव्यं उन्हात कातडीवर फोड आणि काळे डाग आणतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर असे डाग महिनोन्‌महिने राहतात. साधी, बिनवासाची व्हॅसलीन पुरते.

रेझरने केस जाड होतात या भीतीपोटी मुली अकारण वॅक्सचा त्रास सोसतात. अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८मध्येच हे तपासून पाहिलं होतं: दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. टोक बोथट कापलं जातं म्हणून ते राठ लागतात, इतकंच.

जांघेत गोल, कडेने लाल, खाजरा चट्टा असेल तर त्यावर रेझर अजिबात फिरवू नका. तो नायटा असू शकतो, आणि रेझरमुळे बुरशी केसांच्या मुळांत उतरते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या मिश्र मलमांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी पसरत राहते. हनुवटीवर किंवा छातीवर अचानक जाड केस येऊ लागले आणि पाळीही बिघडली, तर पार्लरआधी डॉक्टर.

लेसर करायचाच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे. लेसर केसातल्या मेलॅनिन या रंगद्रव्याला तापवतो, पण सावळ्या कातडीतही मेलॅनिन भरपूर असतं, म्हणून तिथे १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित मानला जातो. घरी वापरायची आयपीएल (प्रखर प्रकाशाचे झोत टाकणारी) यंत्रं फार सावळ्या त्वचेसाठी नसतात, आणि पांढऱ्या केसांवर यातलं काहीच चालत नाही.