मुंबई पोलीस दल (१९९०–१९९९)

बृहन्मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या इतिहासातील सर्वांत खडतर दशक. क्रॉफर्ड मार्केटसमोरील मुख्यालयातून चालणारे हे दल १८६४ पासून आयुक्ताच्या अधिपत्याखाली आहे. इंग्रजीत त्याचे नाव १९९५ पर्यंत ‘बॉम्बे पोलीस’ होते. मराठीत मात्र ते आधीपासूनच मुंबई पोलीस होते. या दहा वर्षांत दलाने टोळीयुद्ध, दोन टप्प्यांत उसळलेली दंगल आणि साखळी बॉम्बस्फोट यांना तोंड दिले. त्यातून शहराशी नाते राखण्याचे दोन परस्परविरुद्ध मार्ग दलात एकाच वेळी रुजले.

पार्श्वभूमी. दशकाची बीजे १९८२ मध्ये सापडतात. कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील गिरणी संप १८ जानेवारीस सुरू झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पोलीस शिपायांनी काळ्या फिती लावून निषेध नोंदवला आणि तीन दिवसांनी त्यांच्या संघटनेवर कारवाई होताच खुद्द पोलीसच रस्त्यावर उतरले. ज्यांनी बंदोबस्त करायचा तेच बंडात उतरल्याने सरकारला लष्कर बोलवावे लागले. संघटनेची मान्यता गेली, पण शिपायाच्या घराचे आणि कामाच्या तासांचे प्रश्न तसेच राहिले. गुंड मन्या सुर्वे वडाळ्यात पोलिसांच्या गोळीने मारला गेला तोही याच वर्षी, ११ जानेवारीला. शहरातील पहिली ‘चकमक’ म्हणून तिचा उल्लेख होतो.

टोळ्या आणि शस्त्रे. दहशतवादविरोधी पथक अतिरिक्त आयुक्त आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये उभे राहिले. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात या पथकाने टोळीतील गुंड माया डोळस, दिलीप बुवा आणि त्यांच्या साथीदारांना भरदिवसा, रहिवाशांच्या डोळ्यांदेखत घेरले. त्यात सात जण ठार झाले. पुढच्याच वर्षी १२ सप्टेंबरला जे. जे. रुग्णालयात शिरलेल्या मारेकऱ्यांनी गवळी टोळीतील शैलेश हळदणकर याला मारले आणि पहाऱ्यावरचे दोन पोलीसही त्यात बळी पडले. टोळ्यांच्या हाती स्वयंचलित रायफली आल्या होत्या आणि पहाऱ्यावरचा पोलीस त्यांच्यापुढे तोकडा पडत होता.

दंगल. बाबरी मशीद ६ डिसेंबर १९९२ रोजी पाडली गेल्यानंतर मुंबईत आधी डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये हिंसाचार झाला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला. त्यांपैकी ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ इतर होते. याच ९०० मृत्यूंची कारणवार विभागणी पोलीस इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे: पोलीस गोळीबारात ३५६ जण मेले आणि भोसकाभोसकीत ३४७. दलात मुस्लिमांविरुद्ध मुरलेला पूर्वग्रह असल्याचे आयोगाने नोंदवले आणि ३१ पोलिसांवर कारवाईची शिफारस केली. आयोगापुढे आलेल्या २,१२६ प्रतिज्ञापत्रांपैकी ५४९ पोलिसांची होती. आयुक्त श्रीकांत बापट यांच्या जागी जानेवारी १९९३ च्या अखेरीस अमरजितसिंग सामरा आले.

आयोगाची वाटचालही सरळ नव्हती. शिवसेना-भाजप युती सरकारने जानेवारी १९९६ मध्ये तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा नेमला, आणि १९९८ मध्ये अहवाल आल्यावर त्यातील निष्कर्ष फेटाळले. ९ जानेवारी १९९३ रोजी सुलेमान बेकरीत पोलिसांनी केलेल्या गोळीबारावरून पुढे खटला झाला. दरम्यानच्या काळात आयुक्तपद भूषवलेले आर. डी. त्यागी यांच्यासह नऊ जणांना २००३ मध्ये दोषमुक्त करण्यात आले.

बॉम्बस्फोट. १२ मार्च १९९३ रोजी दुपारी शेअर बाजारापासून स्फोटांची मालिका सुरू झाली. सुमारे दोन तासांत २५७ जण ठार आणि ७१३ जखमी झाले. दंगलीने बदनाम झालेल्या दलाची तपासातील कामगिरी मात्र या प्रसंगी उजळून दिसली. वरळीत रस्त्यावर सोडून दिलेल्या मारुती व्हॅनमध्ये शस्त्रे मिळाली. वाहन नोंदणीचा माग काढत पोलीस माहीमच्या ‘अल हुसैनी’ इमारतीतील, स्फोटांतील प्रमुख आरोपी टायगर मेमन याच्या कुटुंबाच्या घरी पोहोचले. तिथे सापडलेली स्कूटरची किल्ली दादर भागात बेवारस उभ्या असलेल्या, न फुटलेल्या स्फोटकांनी भरलेल्या स्कूटरला लागली आणि दुवा पक्का झाला. तेव्हा वाहतूक शाखेचे उपायुक्त असलेले राकेश मारिया यांचा या तपासात मोठा वाटा होता. रायगड किनाऱ्यावर शेखाडी येथे आरडीएक्स हे स्फोटक उतरल्याचेही उघड झाले. दहा हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र ४ नोव्हेंबरला दाखल झाले आणि त्याच महिन्यात तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

मोहल्ला समित्या. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून वस्तीवस्तीत हिंदू, मुस्लिम आणि पोलीस यांना एका सतरंजीवर बसवणाऱ्या समित्या उभारल्या होत्या. १९८४ मध्ये होरपळलेले ते गाव डिसेंबर १९९२ मध्ये शांत राहिले, हा या प्रयोगाचा भक्कम पुरावा होता. आयुक्त सतीश सहानी (कार्यकाळ १९९३–१९९६) यांच्या काळात, निवृत्त आयुक्त जे. एफ. रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्यासारख्या नागरिकांच्या सहभागाने, हीच कल्पना मुंबईत आली. गणपती-मोहरमच्या आधीच्या बैठका, अफवा कानावर येताच ठाण्यात होणारी शहानिशा, तरुणांचे क्रिकेट सामने असे तिचे साधे स्वरूप होते. तिला वर्तमानपत्रांत पहिले पान क्वचितच मिळाले.

चकमकी आणि मोक्का. पहिले पान दुसऱ्या मार्गाने व्यापले. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ या ब्रीदातील उत्तरार्धावरच दशकाच्या उत्तरार्धात भर पडला, असे म्हणता येईल. खंडणी आणि सुपारीच्या हत्या वाढल्या. १९९७ मध्ये जानेवारीत दत्ता सामंत आणि ऑगस्टमध्ये गुलशन कुमार यांचे खून झाले. ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याची मुदत १९९५ मध्ये संपल्याने विशेष कायदाही हाताशी नव्हता. प्रदीप शर्मा, विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले यांच्यासारखे १९८३ च्या तुकडीतील उपनिरीक्षक ‘चकमकफेम’ ठरले. खबरी त्यांचे, आणि वलयही त्यांचेच. ठाणे अंमलदाराची भूमिका मागे पडली. फेब्रुवारी १९९९ मध्ये अध्यादेशाद्वारे आलेल्या ‘मोक्का’ने (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) उपायुक्त किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला आणि आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुभा दिली. १९९५ ते १९९७ या काळातील ९९ चकमकी आणि त्यांतील सुमारे १३५ मृत्यूंचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याचा निकाल २०१४ मध्ये लागला आणि चकमकीतील प्रत्येक मृत्यूच्या तपासासाठी देशभर लागू होणारी सोळा कलमी कार्यपद्धती त्यातून ठरली.