काळ्यावर पांढरं की पांढऱ्यावर काळं?

१९८०च्या दशकात ज्यांनी बँकेत किंवा सरकारी कचेरीत पहिल्यांदा कम्प्युटर पाहिला, त्यांना तो काळा पडदा आणि त्यावरची हिरवी अक्षरं अजून आठवत असतील. हिरवा रंग डोळ्यांना थंड, म्हणून तसा पडदा, अशी तेव्हा सर्रास समजूत होती. काळ्या पार्श्वभूमीचं कारण मात्र डोळ्यांपेक्षा पिक्चर ट्यूबमध्येच जास्त होतं. ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या फॉस्फर नावाच्या चमकणाऱ्या लेपावर आदळला की तिथे ठिपका उजळतो आणि लगेच विझू लागतो. सेकंदाला पन्नास-साठ वेळा तो पुन्हा पेटवावा लागतो. असा पडदा सगळाच्या सगळा पांढरा ठेवला, तर त्याची लुकलुक डोळ्यांना खुपते, कारण पृष्ठ जितकं मोठं आणि उजळ, तितकी लुकलुक जास्त जाणवते. काळ्या पडद्यावर थोडीच अक्षरं पेटलेली असली की भागून जातं. आयबीएमने १९८१मध्ये आपल्या पर्सनल कम्प्युटरसोबत दिलेल्या एकरंगी मॉनिटरमध्ये तर मुद्दाम हळू विझणारा फॉस्फर वापरला होता. लुकलुक कमी झाली, पण मजकूर वर सरकला की मागे त्याची फिकट भुतं रेंगाळायची.

कागदासारखा पडदा आणण्याचा हट्ट त्याआधीच झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने धरला होता. १९७३च्या ‘आल्टो’ या यंत्राचा पडदा उभा, कागदाच्या पानाच्या आकाराचा होता आणि त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरं उमटत. छापून जे निघणार, ते पडद्यावर तसंच दिसावं, हा त्यामागचा विचार. १९८४च्या मॅकिंटॉशने ते रूप घरोघरी नेलं. म्हणजे पडदा आधी काळा झाला तो ट्यूबमुळे आणि नंतर पांढरा झाला तो कागदामुळे. डोळ्याला दोन्ही वेळा कुणी फारसं विचारलं नाही.

खरं तर डोळा फोकस कसा करतो, याचा उलगडा बराच आधी झाला होता. डोळ्यातलं भिंग फुगून जवळचं स्पष्ट करतं, हे थॉमस यंग यांनी १८०१मध्ये स्वतःच्याच डोळ्यांवर प्रयोग करून दाखवलं. चाळिशी लागते ती याच भिंगाची लवचीकता संपत आली म्हणून. पण भिंग किती फुगवायचं, हे मेंदूला कसं कळतं? मुख्यतः अक्षराच्या कडेवरून. कड धूसर दिसली की स्नायू थोडा आवळतो किंवा सैल होतो, पुन्हा तपासतो आणि हे सतत चालू असतं. कड पकडता आली नाही, तर भिंग आपल्या विसाव्याच्या जागी जाऊन बसतं. अमेरिकेत लायबोविट्झ आणि ओवेन्स यांनी १९७०च्या दशकात लेझरच्या साहाय्याने मोजलं, तेव्हा अंधारात तरुणांचा डोळा सरासरी दीड डायॉप्टरवर, म्हणजे साधारण ६७ सेंटिमीटरवर स्थिरावत होता. करड्यावर फिकट करडी अक्षरं वाचताना येणारा शीण थोडाफार याच जातीचा. अक्षर दिसतं, पण फोकसला पक्की कड सापडत नाही.

दुसरी गोष्ट बाहुलीची, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या डोळ्यातल्या काळ्या छिद्राची. पार्श्वभूमी पांढरी असेल तर डोळ्यात जास्त उजेड शिरतो आणि बाहुली लहान होते. काळी असेल तर ती पसरते. फोकस थोडा चुकला, तर पडणारा धूसर ठिपका बाहुलीच्या व्यासाच्या प्रमाणात मोठा असतो. सहा मिलिमीटरऐवजी तीन मिलिमीटर बाहुली म्हणजे निम्मी धूसरता. चष्मा घरी विसरलेला माणूस डोळे बारीक करून बसचा नंबर वाचतो, ती हीच युक्ती. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पिंजारल्यासारखी दिसतात, तीही पसरलेल्या बाहुलीची करामत. माझ्या मते देवनागरीत हे जरा जास्तच बोचतं. पांढरी रेघ पसरली की ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत होते आणि अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेला चिकटतो.

१९८०मध्ये बाउअर आणि कॅव्होनियस यांनी पडद्यावरचे रंग उलटे करून पाहिले, तेव्हा उजळ पार्श्वभूमीवर चुका कमी झाल्या. पुढे ड्युसेलडॉर्फ विद्यापीठात बुखनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७पासून प्रुफं तपासायला लावून हेच पुनःपुन्हा मोजलं. खोलीत उजेड असो वा अंधार, फरक टिकला. तो तरुणांत दिसला तसा वृद्धांतही दिसला, आणि अक्षर जितकं बारीक तितका तो वाढला. २०१४च्या प्रयोगात त्यांनी बाहुलीही मोजली. ती खरोखरच लहान होती.

याला एक मोठा अपवाद आहे. मिनेसोटात गॉर्डन लेग यांनी १९८५मध्ये अधू दृष्टीच्या वाचकांची तपासणी केली. मोतीबिंदूसारख्या कारणाने ज्यांच्या डोळ्याचा पारदर्शक भाग गढूळ झाला होता, ते काळ्यावर पांढरं जास्त वेगाने वाचत होते. पांढऱ्या पानाचा सगळा उजेड अशा डोळ्यात विखुरतो आणि अक्षरांवर धुकं धरतो.

वेबची पानं अधू दृष्टीच्या लोकांनाही वाचता यावीत म्हणून २००८मध्ये आलेल्या सुगमतेच्या नियमांनी साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण, ठरवला. हा आकडा आला कुठून? निरोगी नजरेला ३:१ पुरतो असं आधीची मानकं मानत. ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर साधारण ६/१२ धरली, म्हणजे निरोगी माणसाला बारा मीटरवरून दिसणारं त्याला सहा मीटरवरूनच दिसतं, त्यासाठी ३ची दीडपट केली आणि ४.५ निघाला. हिशेब सुबक आहे, पण त्यात एक फट आहे. पांढऱ्यावर काळं आणि काळ्यावर पांढरं, दोन्हींना हे सूत्र २१:१ असाच गुण देतं. बाहुली त्याच्या हिशेबातच नाही.

२०१९मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ या फोनच्या प्रणालींनी डार्क मोड, म्हणजे काळ्यावर पांढरं, सगळ्या फोनभर पसरवला. ओएलईडी पडद्यावर प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून काळा ठिपका म्हणजे जवळपास विझलेला दिवा, त्यामुळे त्यात बॅटरीही वाचते. पडद्याचा रंग तंत्राच्या सोयीने ठरण्याची ही तिसरी खेप.

मात्र त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये शेफेल यांच्या गटाला काहीतरी वेगळंच दिसलं होतं. सात जणांना तासभर वाचायला देऊन त्यांनी नेत्रपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराची जाडी मोजली. पांढऱ्यावर काळं वाचल्यावर तो थर सुमारे १६ मायक्रोमीटरने पातळ झाला, तर काळ्यावर पांढरं वाचल्यावर सुमारे १० मायक्रोमीटरने जाड. हा थर पातळ होणं हे लांबचं धूसर दिसणाऱ्या, म्हणजे मायनस नंबरच्या डोळ्याच्या वाढीशी जोडलं जातं. त्यामुळे चाळिशी लागलेल्या आजोबांना ज्या पांढऱ्या पानाने अक्षर नीट दिसतं, तेच पान नंबर वाढत चाललेल्या नातवाच्या बाबतीत संशयाच्या फेऱ्यात आलं आहे. अर्थात सात माणसं आणि एका तासाचं वाचन, एवढाच त्याचा आधार.