टॉर्चखाली चमकणारे विंग्ज

गेल्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या बाजारात एका विक्रेत्याने माझ्या हातावर वैमानिकाचे ‘विंग्ज’ ठेवले. काळ्या कापडावर पांढऱ्या धाग्याने भरलेले दोन पंख, मध्ये तपकिरी पानांच्या कड्यात ‘आरएएफ’ (रॉयल एअर फोर्स, म्हणजे ब्रिटिश हवाई दल) ही अक्षरं आणि वर मुकुट. वैमानिक प्रशिक्षण पुरं झालं की छातीवर लागतो तो हा बिल्ला. “दुसऱ्या महायुद्धातले आहेत साहेब,” असं म्हणत त्याने खिशातून नोटा तपासायची जांभळी, अतिनील किरणांची टॉर्च काढली. पंख निळसर पांढरे झगमगले. “बघा, ओरिजनल!”

तो खोटं बोलत नव्हता. खरी नोट टॉर्चखाली चमकते हे त्याने पाहिलं होतं. पण नोटेत चमकतात ते मुद्दाम घातलेले तंतू आणि क्रमांकाची शाई. खऱ्या नोटेचा कागद चमकत नाही, झेरॉक्सचा कागद मात्र लख्ख चमकतो. बिल्ल्याच्या बाबतीतही पांढऱ्या धाग्याची ही झगमग उलटीच साक्ष देते. का, ते समजून घ्यायला आपल्या मोरीत जावं लागेल.

जुनं पांढरं सुती कापड पिवळट पडतं, म्हणजे ते निळा प्रकाश थोडा शोषून घेतं आणि परत येणाऱ्या प्रकाशात पिवळा वरचढ होतो. आजी यावर नीळ घालायची. निळीचे कण पिवळा प्रकाश शोषतात. तोल साधतो, पण कापडावरून येणारा एकूण प्रकाश कमी होतो, म्हणून निळीचं पांढरं किंचित राखाडी दिसतं. आईच्या काळात टिनोपाल आलं आणि त्याने वेगळाच मार्ग धरला. त्याने काहीही वजा केलं नाही, उलट कमी पडणारा निळा प्रकाश नव्याने तयार करून दिला.

हा प्रकाश येतो डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांतून. टिनोपालसारख्या रसायनांतला मोठा गट स्टिलबीन नावाच्या रेणूपासून बनतो. बेंझीनची दोन कडी आणि त्यांना जोडणारा दुहेरी बंध असा त्याचा सांगाडा. त्यातले काही इलेक्ट्रॉन एका अणूला बांधलेले नसतात, सबंध सांगाड्यावर पसरलेले असतात. त्यामुळे त्यांना वरच्या ऊर्जापातळीवर ढकलायला लागणारी ऊर्जा नेमकी ३४० ते ३७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांत मिळते. ३६५ नॅनोमीटरचा एक फोटॉन सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट घेऊन येतो. इलेक्ट्रॉन वर जातो, रेणू थरथरतो, आणि त्या थरथरीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. खाली येताना हातात सुमारे २.८५ इलेक्ट्रॉन व्होल्टच उरतात. तेवढ्या ऊर्जेचा फोटॉन ४३५ नॅनोमीटरचा, म्हणजे निळा. हीच प्रतिदीप्ती. शिवाय हा रेणू चपटा असतो, म्हणून सुताच्या सेल्युलोजच्या लांब साखळीला तो पट्टीसारखा चिकटून बसतो. आणखी एक गंमत म्हणजे दोन कडी दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना असतील तेव्हाच तो चमकतो. ऊन लागून ती एकाच बाजूला वळली, की चमक जाते. मला या रेणूचं फार कौतुक आहे.

आता बिल्ल्याकडे. १९२९ मध्ये पॉल क्राइस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हॉर्स चेस्टनट झाडातल्या एस्क्युलिन या द्रव्याने कापड असं उजळून दाखवलं. पण कारखान्यात बनलेली अशी रसायनं १९४० च्या आसपास आली आणि साबणचुऱ्यात, धाग्यांत सर्रास मिसळली जाऊ लागली ती युद्ध संपल्यावर. म्हणून युद्धकाळातला म्हणवणारा धागा झगमगला तर शंका घ्यायची.

शंकाच, निकाल नव्हे. युद्धानंतर कधी कुणी तो गणवेश साबणचुऱ्यात धुतला असेल तर जुनं सूतही चमकेल. अशा वेळी मागचं अस्तर पाहायचं. धुण्यातून आलेली चमक अस्तराच्या सुतालाही लागते. अस्तर अंधारात आणि फक्त भरतकामाचा धागा लखलखीत असेल, तर तो धागा शिवायच्या आधीच उजळ होता. रेशीम आणि लोकर मुळातच मंद चमकतात, तेही ध्यानात ठेवायचं. आणि टॉर्च ३६५ नॅनोमीटरची हवी. स्वस्तातल्या ३९५ च्या टॉर्चमधून इतका जांभळा उजेड येतो, की कुठलीही पांढरी वस्तू ‘चमकते’.

हीच टॉर्च मारून राशीचे खडे विकणारेही आहेत. माणिक लाल उजळलं की त्यात ‘तेज’ आहे म्हणतात. ते तेज क्रोमियमचं असतं, आणि कारखान्यात बनवलेलं माणिक बहुधा जास्तच उजळतं. त्यात सूर्याची कृपा वगैरे काही नाही.

न चमकणारा धागा जुनाच, असंही सिद्ध होत नाही. आजही विनाउजळ धागा मिळतो. वस्तूतला कुठलाही पुरावा बहुतेक वेळा एवढंच सांगतो, की ही अमक्या सालाच्या आधीची नाही. मुकुटाचंही तसंच. कमानी घुमटासारख्या गोल असतील तर तो राजाचा मुकुट, मधोमध खाली दबलेल्या असतील तर १९५२ मध्ये गादीवर आलेल्या एलिझाबेथ राणीचा. पण २०२२ नंतर राजे चार्ल्स यांनी गोल मुकुट परत आणला, म्हणजे गोल मुकुटाचा बिल्ला आजचाही असू शकतो. ‘आरआयएएफ’ ही अक्षरं त्या मानाने नेमकी आहेत. भारतीय हवाई दलाला ‘रॉयल’ ही उपाधी मार्च १९४५ मध्ये मिळाली आणि २६ जानेवारी १९५० ला गेली. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

पंखांचा मूळ आराखडा रॉयल फ्लाइंग कोअरचा, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या हवाई शाखेचा, १९१३ चा. पंख पाकोळीचे आहेत आणि त्याचं श्रेय कोअरचे अधिकारी डेव्हिड हेंडरसन यांच्याबरोबर फ्रेडरिक साइक्स यांना देतात. हेच साइक्स पुढे १९२८ ते १९३३ मुंबईचे गव्हर्नर होते. १ एप्रिल १९१८ ला कोअरचं रॉयल एअर फोर्स झालं आणि ‘आरएफसी’ ऐवजी ‘आरएएफ’ अक्षरं ठरली. पण अधिकाऱ्यांनी जुने गणवेश त्या दिवशी टाकून दिले नाहीत, पुढेही वापरले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर कोअरमध्ये वैमानिक झाले आणि जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर होते, ते मात्र रॉयल एअर फोर्सचे लेफ्टनंट म्हणून.

बाजारातल्या त्या बिल्ल्याचं अस्तर मी उलटून पाहिलं. टॉर्चखाली ते काळंच राहिलं.