कळलावीची गोळी आणि सात दिवसांची मुदत

पावसाळ्यात कुंपणावर चढलेली कळलावी अनेकांनी पाहिलेली असते. तिच्या नागमोडी पाकळ्या वर वळलेल्या असतात, बुडाशी पिवळ्या आणि टोकाशी लालभडक, तर पानाचे टोक शेजारच्या फांदीला घट्ट वेढा घालते. ही वेल विषारी आहे. तरीही प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून पूर्वी तिचा कंद वापरीत आणि तिचे नावही त्यावरूनच पडले असे मानले जाते. कमरेत उसण भरली किंवा मान आखडली की डॉक्टर अनेकदा आखडलेले स्नायू सैल करणारे जे थायोकोल्चिकोसाइड लिहून देतात, ते याच वेलीच्या बियांतील एका द्रव्यावर रासायनिक प्रक्रिया करून बनवले जाते.

आपल्याकडे हे औषध बहुधा ४ किंवा ८ मिलिग्रॅमच्या मात्रेत, एसिक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाच्या जोडीने, एकाच गोळीत मिळते. त्यामुळे रुग्ण तिला ‘दुखण्याची गोळी’ म्हणतो आणि दुखेल तेव्हा घेत राहतो. खरी अडचण इथेच आहे.

हे औषध कोल्चिसिन या कळलावीतच असणाऱ्या विषारी द्रव्याच्या कुळातले आहे. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन्ही बाजूंना ओढून नेणाऱ्या सूक्ष्म तंतूंची जुळणी कोल्चिसिन रोखते, आणि वनस्पतींतील गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी संशोधक त्याच्या याच गुणाचा उपयोग करतात. थायोकोल्चिकोसाइड पोटात गेल्यावर शरीरात त्यापासून जे पदार्थ तयार होतात, त्यांपैकी एकामुळे विभागणाऱ्या पेशींत गुणसूत्रांची वाटणी असमान होऊ शकते, असे प्रयोगांत आढळले. आणि त्यासाठी लागणारे प्रमाण माणसाला दिल्या जाणाऱ्या कमाल मात्रेपासून फार दूर नव्हते. अशी चुकीची वाटणी गर्भाला अपायकारक ठरू शकते, पुरुषाची प्रजननक्षमता घटवू शकते आणि दीर्घकाळ घडत राहिल्यास, निदान तत्त्वतः, कर्करोगाचा धोका वाढवू शकते.

म्हणून युरोपातील औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१३ मध्ये या औषधावर मर्यादा घातल्या: तोंडाने घ्यायचे तर दर बारा तासांनी ८ मिलिग्रॅम, तेही फार तर सात दिवस, इंजेक्शन असेल तर दर बारा तासांनी ४ मिलिग्रॅम, फार तर पाच दिवस. सोळा वर्षांखालील मुले, गर्भवती, स्तनपान देणाऱ्या माता आणि गर्भनिरोधन न वापरणाऱ्या, मूल होण्याच्या वयातील स्त्रिया यांना ते देऊ नये. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीसाठी तर ते नाहीच. फिट्स येणाऱ्यांनाही ते धोक्याचे आहे, कारण त्याने झटके उद्भवू शकतात. जोडीच्या एसिक्लोफेनॅकचे जठरव्रण आणि मूत्रपिंडांवरचा ताण हे धोके वेगळे मोजावे लागतात, आणि घरात दुसरी वेदनाशामक गोळी आधीच चालू असेल तर ते आणखी वाढतात.

दुकानदार कात्रीने पट्टीतल्या चार गोळ्या कापून देतो, तेव्हा औषधाचे नाव बहुधा उरलेल्या तुकड्यावर राहते. दोन महिन्यांनी पाळी चुकलेली स्त्री डॉक्टरांसमोर बसते आणि ‘मध्ये पाठीसाठी एक पिवळी गोळी घेतली होती’ एवढेच सांगू शकते.