नांगरणे (जहाज)

नांगरणे : नांगर तळाशी सोडून जहाज किंवा होडी पाण्यात एका जागी धरून ठेवणे. ‘शेत नांगरणे’शी रूप हुबेहूब जुळत असले, तरी दोहोंचा उगम बहुधा वेगळा आहे.

शेतातल्या नांगराची वंशावळ लांबवर मागे नेता येते. ‘लाङ्गल’ हा शब्द ऋग्वेदात (४.५७) आहे. पालीत त्याचे ‘नङ्गल’ झाले, म्हणजे आद्य ‘ल’चा ‘न’ मराठीच्या पुष्कळ आधीचा. मूळ शब्द मात्र आर्यकुळातला नसावा. तमिळ ‘नाञ्जिल’, कन्नड ‘नेगिल’ ही रूपे द्राविडी भाषांकडे बोट दाखवतात. पण ख्मेर व मलय भाषांतील नांगरवाचक शब्द पाहता ऑस्ट्रो-आशियाई (ख्मेर ज्यात मोडते त्या भाषाकुळातले) मूळ अधिक संभवनीय वाटते.

जहाजाचा नांगर सामान्यतः फारसी ‘लंगर’वरून आलेला मानतात. मराठीत तो बहमनी काळात किंवा त्यानंतर रुळला असावा. हिंदी ‘लंगर’ आणि गुजराती ‘लांगरवुं’ यांनी ‘ल’ जपला. मराठीत ‘न’ आला तो शेतातल्या नांगराच्या ओढीने, असे स्पष्टीकरण सुचते. दोन्ही नांगर फाळ रुतवतात, त्यामुळे ते पटतेही. पण बंगालीत शेताचा ‘लाङल’ आणि जहाजाचा मात्र ‘नोङर’. तिथे ‘न’ शेतातून आलेला नाही. तेव्हा अनुनासिकाशेजारचा ‘ल’ आपोआपच ‘न’ झाला आणि ओळखीच्या नांगराने ते रूप पक्के केले, असे मानणे अधिक सयुक्तिक. खुद्द फारसी शब्दाचा उगम वादग्रस्त आहे. ग्रीक ‘आन्क्युरा’शी (म्हणजे जहाजाचा नांगर; ज्याचे दूरचे नाते संस्कृत ‘अङ्क’ म्हणजे आकडा याच्याशी) तो जोडावा, तर आद्य ‘ल’ कुठून आला ते सांगावे लागते. ‘लाङ्गल’हूनच तो निघाला असेल, तर दोन्ही नांगर मुळात एकच ठरतील.

नांगर निव्वळ वजनाने जहाज धरत नाही. साखळी खोलीच्या अनेकपट सोडतात. तिचा काही भाग तळावर पडून राहिला की ओढ आडवी लागते आणि फाळ रुततो. ओढ वर वळली की नांगर सुटतो. शेतातल्या नांगराच्या फाळासारखा दिसणारा जहाजी नांगर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये केला. व्युत्पत्तीशी त्याचा अर्थातच संबंध नाही.

धक्क्याला दोरखंडांनी बांधलेल्या जहाजालाही वृत्तपत्रे ‘नांगरलेले’ म्हणतात. हा वापर सैल आहे.